वाघ दिसला का?

मराठीत काही प्रश्न असे आहेत की ते विचारणाऱ्याला जागच्या जागी पाच रुपये दंड करायला हवा. ‘ओळखलंत का मला?’ हा त्यातला पहिला. ‘मग, यंदा कर्तव्य आहे का?’ हा दुसरा. आणि तिसरा, जो मे महिन्याच्या सुट्टीनंतर डोळे आल्यासारखा घरोघर पसरतो, तो म्हणजे ‘वाघ दिसला का?’

तुम्ही जंगलात जाऊन आलात एवढं कळायचा अवकाश. दूधवाला विचारतो, इस्त्रीवाला विचारतो, लिफ्टमध्ये दोन मजल्यांपुरते भेटलेले चौथ्या मजल्यावरचे काका विचारतात. कोकणात जाऊन आलेल्याला कोणी ‘देवमासा दिसला का?’ असं विचारत नाही. मुंबईहून आलेल्याला ‘राज्यपाल भेटले का?’ असंही नाही. जंगलातून आलेल्या माणसाची मात्र तोंडी परीक्षा एकाच प्रश्नाची असते आणि शंभरच्या शंभर मार्क त्यालाच असतात. ‘नाही दिसला’ म्हणालात, की समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी काही करुणा दाटून येते, की जणू आपला मुलगा दहावीला नापास झाला. ‘असू दे, असू दे. पुढच्या वेळी बसेल.’ आणि मग तो हलकेच सांगतो, ‘आमच्या मेव्हण्याला पहिल्याच फेरीत चार दिसले.’ हा मेव्हणा प्रत्येकाला असतो. महाराष्ट्रात २०२२च्या गणनेत ४४४ वाघ निघाले. त्यातले निदान निम्मे या मेव्हण्याच्या मागे-पुढे फिरत असावेत असा माझा अंदाज आहे.

तर या प्रश्नाविरुद्ध मी आज उघडपणे उभा आहे. हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. यापायी भली माणसं वेड्यासारखी वागतात, गरीब माणसांच्या पोटावर पाय येतो, आणि ज्याच्याविषयी एवढी आस्था त्या वाघाला भर रस्त्यात कोंडलं जातं.

आपली मूळ खोड देवळातली आहे. आपण कुठेही गेलो तरी दर्शनालाच जातो. पंढरपुरात मुखदर्शन निराळं आणि पदस्पर्शदर्शन निराळं असतं. तशी जंगलातही हल्ली प्रतवारी झाली आहे. वाघ समोरून आला तर मुखदर्शन. उठून आत निघून गेला तर पाठदर्शन. बांबूच्या बेटात काहीतरी पिवळं हललं आणि गाईडने ‘तोच होता’ अशी ग्वाही दिली तर शेपूटदर्शन. पदस्पर्शदर्शनाची सोय वनखात्याने अजून केलेली नाही; वाघाची काही हरकत नसावी. बाकी सगळा सरंजाम क्षेत्रासारखाच. महिना-महिना आधी नंबर लावणं, पहाटे थंडीत कुडकुडत रांग, ओळखीच्या माणसाकरवी पुढे घुसायची खटपट, आणि बाहेर प्रसादाची दुकानं : वाघाची टोपी, वाघाचा बनियन, वाघाचा कप. देवांना असतात तशी वाघांनाही नावं आहेत. ताडोबात माया होऊन गेली, मटकासुर झाला, त्यामागून छोटा मटका आला. भाविक मंडळी घरातल्यासारखी त्यांची नाती लावत बसतात. स्वतःच्या चुलत आत्याचं नाव न आठवणारा माणूस मायाच्या तिसऱ्या खेपेच्या बछड्यांबद्दल तासभर बोलू शकतो, हे मी या कानांनी ऐकलेलं आहे.

आमचे साडू याच पंथातले. त्यांच्याबरोबर मी ताडोब्याला गेलो होतो. साडूंनी निघण्यापूर्वी पंधरा दिवस आम्हा सर्वांना कपड्यांच्या रंगाविषयी पत्रकं धाडली होती. लाल नको, पांढरा नको, निळा नको. आम्ही सगळे मातकट रंगाचे कपडे घालून जिप्सीत बसलो तेव्हा विटांच्या भट्टीवरचा मुकादम मजुरांना घेऊन निघावा तसे दिसत होतो. साडूंच्या मांडीवर कॅमेरा होता. त्याची नळी एवढी लांब, की ती वळवायची म्हणजे पुढच्या बाकावरच्यांना खाली वाकावं लागे.

मोहर्लीच्या फाटकातून आत शिरलो. उजाडत होतं. मोहाच्या झाडाखाली चितळांचा कळप उभा होता, त्यांच्या पाठीवरून ऊन नुकतं सरकत होतं. मी ‘वा!’ म्हणालो. साडू म्हणाले, ‘चितळ आहेत. चला.’ पुढे सांबर. ‘सांबर. चला.’ गाईड बिचारा हौशी होता. त्याने भुताचं झाड दाखवलं. पांढरंफटक, पानं झडलेलं, चांदण्यात पाहिलं तर बोबडी वळावी असं. मग शेपटाला दोन झुपके लोंबकळणारा कोतवाल दाखवला, जो दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. मग तर रस्त्यावर रानकुत्रीच आली. सात-आठ जणांची टोळी, तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, आणि चाल अशी की बँड लावला तर कवायत व्हावी. रानकुत्रा हा वाघासारखाच जगाच्या संकटग्रस्त यादीतला प्राणी. पुढली तीस वर्षं रोज सकाळी फिरायला गेलात तरी तो कर्वे रस्त्यावर भेटणार नाही. आमच्या मेव्हणीबाई म्हणाल्या, ‘अहो, कुत्री काय बघायची, आपल्या गल्लीत थोडी आहेत का?’ आणि गाडी पुढे निघाली. त्या टोळीतल्या म्होरक्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरलेलो नाही.

एवढ्यात दूर कुठेतरी वानर खाकरल्यासारखं ओरडलं आणि गाईड कुजबुजला, ‘साहेब, कॉल आहे.’

गाडीतल्या पाचही जणांचे हात आपापल्या खिशाकडे गेले.

जंगलात ‘कॉल’ म्हणजे जनावराने दिलेला इशारा. झाडावरून वानराला वाघ दिसला की तो खॅक-खॅक करून सगळ्या रानाला उठवतो. चितळं तीक्ष्ण आवाजात टाहो फोडतात. आणि सांबर एकदाच, मोटारीच्या भोंग्यासारखं वाजतं. सांबर सहसा खोटं बोलत नाही. हे सगळं कान देऊन ऐकत राहणं हाच खरा खेळ. आवाज कुठून कुठे सरकतोय, कुणी गप्प झालं, कोण कुठल्या दिशेला तोंड करून उभं आहे. वाघ न दिसताही त्याची वाट आखता येते. पण आम्हाला आखायला वेळच मिळाला नाही. कारण तो कॉल आमच्यासारखाच आणखी वीस गाड्यांनी ऐकला होता. पाच मिनिटांत त्या वळणावर दादरला सायंकाळी साडेसहाला होतो तसा देखावा झाला. धूळ, डिझेल, ‘जरा मागे घ्या हो’, ‘अरे डोकं खाली कर’, कुणाच्या तरी पोराचं ‘मला शू आली’, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी, पन्नास पावलांवर, एक वाघीण गवतात आडवी होती. तिचा एक कान मला दिसला. तो कान एकदा आमच्याकडे वळला आणि परत पलीकडे वळला. आमच्या गोंगाटाचा तेवढाच हिशेब तिने ठेवला. साडूंनी त्या कानाचे एकशेचाळीस फोटो काढले.

संध्याकाळी रिसॉर्टवर जेवताना ज्याला त्याला त्याच दिवसाचा ‘निकाल’ विचारला जात होता. कुणाला किती दिसले, किती वेळ दिसले, चालताना की बसलेले. दिवसभराच्या रानातून सगळ्यांच्या हाती उरला तो एक आकडा.

आता मुद्द्याचं बोलू. वाघ हा प्राणी बनलेलाच मुळी न दिसण्यासाठी आहे. दिसणं हा त्याच्या धंद्यातला तोटा आहे. त्याचे पट्टे उंच गवतात ऊन-सावलीसारखे मिसळून जातात. आपल्याला तो भगवा दिसतो खरा, पण चितळ-सांबरांना तांबडं आणि हिरवं यांतला फरक कळत नाही. त्यांच्या लेखी तो गवताच्याच रंगाचा. पावलांखाली गाद्या. नखं चालताना आत ओढून घेतलेली, म्हणून मातीत उमटलेल्या ठशात नखाची खूण नसते. इतकी सगळी तयारी करूनही त्याची बहुतेक झेप वाया जाते. दहावेळा उडी घ्यावी तेव्हा कुठे एखादं जेवण. म्हणजे ज्याचं पोटच मुळी लपण्यावर चालतं, त्याच्याकडून आपण मागतो काय? तर रस्त्याच्या मधोमध, उजेड चांगला असताना, कॅमेऱ्याकडे तोंड करून, दहा मिनिटं थांबावं!

तो भेटायचाच तर त्याने पत्ता ठेवलेला असतो, पण तो डोळ्यांसाठी नसतो. रतनलाल ब्रह्मचारी नावाच्या बंगाली शास्त्रज्ञाने वाघ झाडाझुडपांवर जी पिचकारी मारतो तिचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आणि त्यांना तिच्यात कोणता वास सापडला असेल? बासमती तांदळाचा! भाताला जो सुवास देतो तोच पदार्थ तिथे असतो. आता विचार करा, आपण पहाटे चारला उठून, भाताच्या वासावरून न थांबता धूळ उडवत, डोळे फाडून वाघ शोधत फिरतो. ज्या मराठी माणसाला तीन घरं पलीकडे आंबेमोहोर शिजतोय हे कळतं, त्याने तरी जंगलात नाक बंद करून फिरू नये.

आणि त्याच्या मनात नसेल तर तो कसा नाहीसा होतो म्हणता! जय नावाचा वाघ आठवतो का? नागझिऱ्यातून उठून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात येऊन राहिला होता. प्रचंड देह, देशभर कीर्ती, गळ्यात पत्ता सांगणारा रेडिओ पट्टा. २०१६च्या एप्रिलनंतर तो जो दिसेनासा झाला तो आजतागायत. शोधायला माणसं लावली, गावागावांत चौकश्या झाल्या. जय सापडला नाही. त्याचं बरंवाईट झालं असणारच, आणि ती गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की गळ्यात यंत्र बांधलेला वाघ जिथे सापडत नाही तिथे आपण तीन तासांच्या तिकिटावर हमी मागतो.

याच उमरेड-कऱ्हांडल्यात ३१ डिसेंबर २०२४ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. एक वाघीण आपल्या बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांनी तिला मध्ये धरलं. इकडे गाड्या, तिकडे गाड्या, मध्ये पोरांना घेतलेली आई. वर्षाचा शेवटचा दिवस, सगळ्यांना वर्ष ‘सार्थकी’ लावायचं होतं. त्याची चित्रफीत फिरली, हाकाटी झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. गाईड आणि ड्रायव्हर निलंबित झाले, दंड झाला. झाला ते योग्यच झालं. पण मी ती चित्रफीत पुन्हापुन्हा पाहिली ती मागच्या बाकांकडे बघायला. ड्रायव्हरला काय वाघीण नवी होती? तो तिच्या शेजारी राहणारा माणूस! त्याला तिथे गाडी घालायला लावणारा ‘दादा, जरा पुढे घ्या ना’ हा मागचा आवाज, आणि ‘वाघ दाखवलात तर खूश करू’ हे फाटकाबाहेरचं वचन, ही दोन्ही मात्र कुठल्याही चित्रफितीत येत नाहीत. वाघ दिसला तर पाचशेची नोट आणि नाही दिसला तर ‘गाईड काही खास नव्हता’ असा शेरा. गाईडने चार तास पक्षी दाखवले, झाडं दाखवली, माणसांना शांत बसवलं, त्याची किंमत शून्य. अशा माणसाने नियम पाळायचे ते कशाच्या जोरावर?

यावर आमच्या साडूंचं उत्तर तयार असतं आणि ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, ‘लोक वाघासाठी येतात म्हणून तर जंगल राहिलंय. पर्यटक नसते तर गावच्या पोरांना काम कुठलं? आणि गाड्या फिरतात म्हणून चोरट्या शिकाऱ्यांवरही नजर राहते.’ खरं आहे. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, पहिल्या नवांत आपला मेळघाट होता, तेव्हा वाघ उरतो की नाही अशी वेळ होती. आज तो उरला आहे, आणि त्यात लोकांच्या आवडीचाही वाटा आहे. जाऊ नका असं मी म्हणतच नाही. जा, दोनदा जा. पण पैसे भरले म्हणून वाघ ही आपली वसुली आहे असं समजून जाऊ नका. नाटकाचं तिकीट काढलं की नट रंगमंचावर आलाच पाहिजे; इथे आपण प्रेक्षक नाही, आगंतुक आहोत. दुसऱ्याच्या घरी न कळवता गेल्यावर यजमान आंघोळीला गेलेला असेल तर आपण न्हाणीघराचं दार वाजवतो का? (साडूंच्या बाबतीत मी हे ठामपणे सांगू शकत नाही.)

आणि आणखी एक गोष्ट आहे, ती रिसॉर्टच्या जेवणात कुणी काढत नाही. ज्या पहाटे आपण वाघ दिसावा म्हणून देव पाण्यात घालून जंगलात शिरतो, त्याच पहाटे त्याच जिल्ह्यात दुसरी माणसंही जंगलात शिरत असतात. पायी. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. त्यांची प्रार्थना नेमकी उलटी असते : आज तो दिसू नये. मे २०२५मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता आणायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांनाही वाघ दिसला होता. मोहाचं फूल खाली वाकून वेचावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही असं जाणकार सांगतात. आपण उंच गाडीत बसून, टोपी घालून, पाण्याची बाटली बाजूला ठेवून ज्या भेटीसाठी तळमळतो, ती भेट जमिनीवर अशी असते. ‘वाघ दिसला का?’ हा प्रश्न तिथल्या एखाद्या घरात जाऊन विचारून पाहावा. तिथे त्याचा अर्थ वेगळा होतो.

म्हणूनच रानाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांनी वाघाशी व्यवहार ठरवला तो दर्शनाचा नव्हे. सह्याद्रीत आदिवासी वाघबारस पाळतात. वाघोबाचा दगड असतो, त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. त्याला शेंदूर लावायचा, नैवेद्य दाखवायचा आणि सांगायचं : बाबा, तुझं रान तुला, आमची गुरं आम्हाला. तू तुझ्या वाटेने जा. ‘वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो’ ही म्हण आपण शहरात बसून वापरतो. ते लोक तरीही वाघोबाच म्हणतात, कारण प्रश्न खाण्याचा नसून शेजाराचा आहे. आपला देव दिसावा म्हणून आपण नवस करतो. हा एकच देव असा की तो दिसू नये म्हणून त्याला नवस.

आता कुणी म्हणेल, ‘तुम्हाला दिसला नाही म्हणून द्राक्षं आंबट.’ मला तो कान दिसलेला आहे हे मी मघाशीच सांगितलं. पण वाघाची माझी खरी गाठ पडली ती मेळघाटात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री. त्या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधून लोकांना बसू देतात. माझ्या मचाणावर मी आणि एक वनमजूर असे दोघेच. सहापासून बसलो. बोलायचं नाही, विडी नाही, मोबाईल बंद. चांदणं असं पडलं होतं की पाण्याकाठची वाळू पिठासारखी दिसत होती. आठच्या सुमाराला साळिंदर काटे खुळखुळवत आलं. मग अस्वल आलं आणि पाणी प्यायच्या आधी पाच मिनिटं स्वतःशीच कुरकुरलं. मला आमच्या हेडक्लार्कची आठवण झाली. सांबराच्या माद्या आल्या, एकेक पाय उचलून, परीक्षेच्या हॉलमध्ये उशिरा शिरल्यासारख्या. मध्यरात्रीनंतर मात्र सगळं थांबलं. रातकिडेसुद्धा. एकदा पलीकडच्या नाल्यातून सांबर वाजलं. एकदाच. त्यानंतर अडीच-तीन तास काहीही नाही. मला मध्येच खोकला आला तो मी टॉवेलात दाबला. अंगावर काटा आला होता आणि का आला होता ते सांगता येत नव्हतं; थंडी तर नव्हतीच, मे महिना होता.

उजाडल्यावर खाली उतरलो. वनमजूर पुढे होता. तो शिडीच्या शेवटच्या पायरीवरच थांबला आणि त्याने नुसतं बोट दाखवलं. मचाणाच्या बरोबर खाली, मऊ धुळीत, बशीएवढे ठसे. पाण्याकडे गेलेले, परत आलेले, आणि आमच्या खांबाजवळ एका जागी चारही पावलं जवळजवळ उमटलेली. तिथे तो उभा राहिला होता.

‘अरे, मग आपल्याला कसा नाही दिसला?’ मी म्हणालो.

‘तुमी खोकलत होते ना जी,’ तो म्हणाला, ‘तवा उभा रायला असंन. तुमाले नाई दिसला तं काय झालं? त्याले तुमी दिसले ना.’

त्याने पळसाची दोन मोठी पानं तोडली, रेंजरसाहेब येईपर्यंत ठसा मोडू नये म्हणून त्यावर अलगद ठेवली, कडेला एकेक खडा दाबला, आणि थर्मासात उरलेला चहा झाकणात ओतून आधी मला दिला.